नऊ किलो वाळू

शिट्टीचं वजन भरलं सेहेचाळीस किलो आणि लागत होतं पंचावन्न. मधलं नऊ किलोंचं अंतर कसं भरून निघालं, एवढंच हे आख्यान. वरवर पाहता त्यात काहीच नाही. नऊ किलो म्हणजे दोन बरी कलिंगडं. पण शिट्टीचे वडील खालच्या विद्यापीठाचे भांडारपाल होते, आणि भांडारपालांच्या हाती गेलेली गोष्ट साधी राहत नाही, हे त्यांच्याकडे खडूचा डबा मागायला गेलेल्या कुणालाही विचारा.

आधी शर्यतीचं सांगतो. नदीच्या वरच्या अंगाला एक विद्यापीठ, खालच्या अंगाला दुसरं, आणि दोघांचं साठ वर्षांचं वैर. वर्षातून एकदा दोघांच्या नावा जुन्या पुलापासून गिरणीच्या धुराड्यापर्यंत धावतात. एकेका नावेत वल्हवणारे आठ, आणि शेपटीकडे सुकाणूच्या दोऱ्या धरून बसणारा नववा. या नवव्यानं वल्ह्याला हात लावायचा नाही. त्यानं फक्त बघायचं, वळवायचं आणि ओरडायचं. साहजिकच दोन्हीकडच्यांना वाटू लागलं, की नववा असावा तो पिसासारखा. तेव्हा कुण्या शहाण्यानं नियम घातला: नववा पंचावन्न किलोंच्या आत भरला, तर राहिलेलं वजन वाळूच्या पिशवीत घालून नावेत ठेवायचं. पिशवीला शिशाचा शिक्का हवा. पिशवी शर्यतीआधी तोलायची आणि नंतरही तोलायची, म्हणजे मधल्या मधे कुणी वाळू नदीत ओतणार नाही. आणि खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे: तोलणारा माणूस नेहमी समोरच्या विद्यापीठाचा! साठ वर्षं ही रीत चालत आलेली. आपलं माप वैऱ्याच्या हाती द्यायचं आणि तो सांगेल तो आकडा मान खाली घालून ऐकायचा. भल्याभल्यांना हे जमत नाही.

शिट्टी हे नाव वल्हवणाऱ्या पोरांनी ठेवलेलं. घरी ती इतकं हळू बोलायची, की आईला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. पण नदीवर तिचा आवाज पलीकडच्या काठावर जाऊन परत यायचा म्हणे. दोन वर्षं ती काठावर नुसती घड्याळ धरून उभी राहिली होती. यंदा कुठे जागा मिळाली, कारण आधीच्या सुकाणूवाल्यानं, ज्याला सगळे पिंप म्हणत, गेल्या वर्षी नाव नेऊन थेट वाटेतल्या रेल्वेपुलाच्या मधल्या खांबाला भेटवली होती. पिंपाला पिशवीची गरजच नव्हती. तो बासष्ट किलोंचा होता.

प्रशिक्षकांनी शिट्टीला स्पष्ट सांगितलं, "पिशवी ग्रॅमभर जरी कमी भरली, तरी तुझ्या जागी पिंप बसेल. मग माझ्या हातात काही नाही."

ही बातमी शिट्टीनं घरी जेवताना सांगितली आणि भांडारपालांचा हात ताटावरच थांबला. तीस वर्षं त्यांनी झाडू दिले, शाई दिली, काचेच्या नळ्या दिल्या. पण त्यांच्या भांडारातली वस्तू कधी शर्यतीत गेली नव्हती.

"पिशवी माझ्याकडून जाईल," ते म्हणाले. "मागणीपत्र आण."

"बाबा, मी घरातच आहे. तोंडी सांगतेय ना."

"तोंडी मागणीवर मी कुलगुरूंना टाचणी दिलेली नाही."

बाई, माझं लग्न कुणाशी झालंय हे मला अजून कळलेलं नाही, असं आई भाताच्या पातेल्याला म्हणाली.

मागणीपत्र आलं. पण वाळू हा पदार्थ भांडाराच्या यादीत नव्हता. यादीत वाळूचं घड्याळ होतं, तेही फुटकं. वाळू येते बांधकाम विभागात. भांडारपाल स्वतः उठून तिकडे गेले, आणि हे सोपं नव्हतं, कारण बांधकाम विभागाच्या ओव्हरसियरशी त्यांचं एका शिडीवरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

"नऊ किलो?" ओव्हरसियर छताकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे वाळू ट्रकनं मोजतात, साहेब. एक ट्रक, दोन ट्रक. नऊ किलोंचा फॉर्मच नाही."

"मग काय करायचं?"

"एक ट्रक मागा. त्यातली नऊ किलो घ्या. बाकीची शिल्लक दाखवा."

भांडारपालांनी विचार केला, की ट्रक कागदावरच राहील. त्यांनी सही केली. माणूस आयुष्यभर सह्या जपून करतो आणि एखाद्या दिवशी लेकीच्या कौतुकात हात मोकळा सुटतो, तसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते कामावर आले, तेव्हा भांडाराच्या एकुलत्या एका दाराला टेकून वाळूचा डोंगर उभा होता. आणि दाराआड होत्या त्याच दिवशीच्या परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका.

पुढच्या तासाची भांडारपालांना कुणी आठवण करून दिलेली आवडत नाही. वरच्या झरोक्यातून लिपिकाला आत सोडलं, त्यानं गठ्ठे फेकले, खाली प्राध्यापकांनी ते झेलले. तत्त्वज्ञानाच्या प्रमुखांना एक गठ्ठा छातीवर बसला आणि ते वाळूवरून घसरत थेट कुलसचिवांच्या पायाशी गेले. कुलसचिव डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भांडारपाल, हे काय आहे?"

"शिल्लक आहे, साहेब."

"कशाची?"

"नऊ किलोंची."

कुलसचिवांनी आणखी काही विचारलं नाही. मोठ्या पदावरची माणसं कुठे थांबायचं ते बरोबर ओळखतात.

इकडे घरी सल्ल्यांचा पूर लोटला होता. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक रोज संध्याकाळी एक केळ्यांचा घड घेऊन येत. त्यांचं म्हणणं, पिशवी म्हणजे पळवाट. "मुलीलाच वाढवा! सहा आठवडे आहेत. दिवसाला सव्वादोनशे ग्रॅम धरले तरी काम होतं. मी त्रैराशिक मांडून पाहिलंय." वरच्या मजल्यावरच्या मावशींचं म्हणणं, काही नको, तोलायच्या आधी पोरीनं चार लिटर पाणी प्यावं.

"आणि मग अर्धा तास नावेत बसू कशी, मावशी?" शिट्टीनं विचारलं.

"ते मी कशी सांगू? मला पोहता कुठे येतं?"

शिट्टीनं सगळी केळी खाल्ली. वजन सेहेचाळीस ते सेहेचाळीस. मुख्याध्यापकांनी त्रैराशिक पुन्हा मांडलं आणि चूक काट्यात आहे असा निर्णय दिला.

पिशवी शिवली पदवीदानाचे झगे शिवणाऱ्या शिंप्यानं, जाड कॅनव्हासची, दुहेरी टाक्याची. त्याला सवय झग्यांची, म्हणून त्यानं पिशवीलाही आतून अस्तर आणि बाहेरून जांभळी पट्टी लावली. भांडारपालांनी डोंगराच्या पोटातून वाळू काढली, दगड वेचले, चाळली, आणि भांडाराच्या काट्यावर पिशवीसकट बरोबर नऊ किलो केली. मग तोंड तारेनं आवळून शिशाचा शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांनी चष्मा पुसला, असं लिपिक सांगतो. लिपिक खोटं बोलणारा नाही.

आता इथे जे घडलं ते फक्त भांडारपालांच्याच हातून घडू शकत होतं. त्यांची तीस वर्षांची शिस्त अशी, की कापडी वस्तू भांडारात आली, की आठ दिवस बॉयलरच्या गरम नळाशेजारच्या फळीवर ठेवायची. ओल म्हणजे बुरशी. त्यांनी पिशवी विचार न करता त्या फळीवर ठेवली. शिट्टीच्या नावेत ओल जाता कामा नये, अशी त्यात मायाही होती. डोंगराच्या पोटातली वाळू दमट असते आणि गरम नळाशेजारी ती निवांत वाळते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण शिक्का मारलेली वस्तू पुन्हा तोलायची म्हणजे स्वतःच्याच शिक्क्यावर संशय घ्यायचा. तेवढा कमीपणा त्यांनी कधी घेतला नव्हता.

शर्यतीचा दिवस उजाडला. पुलाखाली टेबल, टेबलावर काटा, आणि काट्यामागे वरच्या विद्यापीठाचा तोलणारा. तो निघाला तिथलाच भांडारपाल! डोक्यावर गोल टोपी, खिशात चार पेनं, चेहरा बंद कपाटासारखा. आपण त्याला गोलटोपीच म्हणू. दोघांनी एकमेकांच्या पेनांकडे पाहिलं आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

शिट्टी काट्यावर उभी राहिली. सेहेचाळीस. मग पिशवी ठेवली. गोलटोपीनं वाकून पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं.

"आठ किलो तीनशे."

"शक्य नाही," भांडारपाल म्हणाले. "शिक्का बघा."

"शिक्का उत्तम आहे. वजन कमी आहे."

मागे पिंपानं बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या होत्या.  शिट्टीनं नुसतं बापाकडे पाहिलं, आणि ते पाहणं भांडारपालांना त्या सातशे ग्रॅमपेक्षा जड गेलं.

गोलटोपीनं पिशवी हातानं चाचपली, नाकाशी नेली. "वाळवलीत?"

"ओली वस्तू मी भांडारात ठेवत नाही."

"मीही ठेवत नाही," गोलटोपी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "पण नऊ म्हणजे नऊ."

सुटायला चाळीस मिनिटं होती. शिक्का तोडून वाळू भरावी तर तोडलेला शिक्का बाद. भांडारपाल टेबलाशी उभे राहून घामाघूम झाले, आणि घाम पुसता पुसता एकदम थांबले.

"नियमात वाळू कोरडी हवी असं आहे?"

गोलटोपीनं नियमांचा कागद काढला. दोघांनी डोक्याला डोकं लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग उलटा करून मागची बाजूही पाहिली. "वाळू असं आहे. कोरडी असं नाही."

भांडारपालांनी पिशवी उचलली, पायऱ्या उतरले आणि ती नदीत बुडवली.

बाहेर काढली तेव्हा ती दहा किलो आणि वर थोडी भरली. प्रशिक्षकांनी केस उपटले. "म्हणजे किलोभर ओझं फुकटचं ओढायचं? थांबा, ठिबकू दे!" मग आठ दांडगी पोरं पिशवीभोवती जमली. कुणी पिळली, कुणी बसलं, एकानं तिला छातीशी धरून मिठी मारली. पिशवीखाली पाण्याची धार आणि वर गोलटोपीचा आवाज: "नऊ चारशे. नऊ दोनशे. नऊ एकशे दहा." एखाद्या लग्नघरातसुद्धा मुहूर्ताकडे इतक्या डोळ्यांनी कुणी पाहत नाही. सुटायला पाच मिनिटं असताना काटा नवावर टेकला.

"बस! उचला!" प्रशिक्षक ओरडले.

"अहो, पण ती अजून ठिबकतेय," भांडारपाल म्हणाले. "शेवटी पुन्हा तोलायचीय."

"ठिबकू दे! आधी तिथवर पोचू तर दे!"

दोन्ही भांडारपालांना आणि काट्याला पंचांच्या मोटरबोटीत बसवलं. काटा हलू नये म्हणून आपल्या भांडारपालांनी तो मांडीवर घेतला. मोटरबोट दोन्ही नावांच्या मागून चालते, त्यामुळे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ही शर्यत जवळून दिसली. आणि पहिल्या झटक्यालाच त्यांना नवल वाटलं. आठही जणांची तोंडं मागे!

"अहो, ही पोरं उलटी का बसलीयत?"

"वल्हं तसंच ओढतात," गोलटोपी म्हणाला.

"म्हणजे जायचंय कुठे ते यांतल्या एकालाही दिसत नाही?"

"एकालाही नाही. फक्त तुमच्या मुलीला."

भांडारपाल काटा सावरत पुढे वाकले. देवानं माणसाला डोळे पुढे दिले आणि या आठांनी पाठ पुढे करून जोर लावलेला. समोर खांब आहे, वळण आहे, की वैऱ्याची नाव आहे, कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी मान वळवून बघतही नाही. समोर बसलेली एक सेहेचाळीस किलोंची पोर सांगेल ते खरं. भांडारपालांना तिची फक्त पाठ दिसत होती. पण आवाज येत होता, आणि तो त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. "लांब! लांब ओढा! आता दहा माझ्यासाठी! एक! दोन!" कीर्तनात बुवा झांजकऱ्यांना लय चढवायला लावतात, तशी ती आठ धिप्पाडांची लय चढवत होती, आणि तीही एका जागी बसून.

"कोणता श्वास कधी घ्यायचा तेही तीच सांगते का हो?"

"बहुतेक."

"घरी मीठ मागताना ऐकू येत नाही तिचं."

रेल्वेपुलाचा मधला खांब जवळ आला. शिट्टीनं दोरी इतकी अलगद ओढली, की नाव खांबाला वाट विचारून गेल्यासारखी शेजारून निघून गेली. वरच्यांची नाव पुढे होती. धुराडं दिसायला लागलं तशी ती बरोबरीला आली, मग नाकभर मागे पडली. शेवटच्या दहा झटक्यांत काय झालं ते भांडारपालांना नीट सांगता येत नाही. कारण ते उभे राहिले, काटा मांडीवरून गोलटोपीच्या पायावर पडला, आणि गोलटोपी ओरडला ते आनंदानं असं त्यांना वाटलं.

खालचं विद्यापीठ अर्ध्या नावेनं जिंकलं.

काठावर टेबल मांडलं. गोलटोपी लंगडत आला. त्यानं आधी आपली चार पेनं आणि एक पितळी वजन ठेवून काटा तपासला. मग नावेच्या तळातून पिशवी काढून वर ठेवली. पोरांचा आरडाओरडा आपोआप थांबला.

"आठ किलो सातशे."

तीनशे ग्रॅम कमी. वरच्यांच्या काठावरून कुजबूज उठली. प्रशिक्षक खाली बसले.

"पाणी नावेच्या तळातच आहे," एक पोरगा म्हणाला. "स्पंजनं टिपून देऊ?"

गोलटोपी भांडारपालांकडे वळला. "तळातल्या पाण्यात पिशवीचं किती आणि वल्ह्यांचं किती, हे तुम्ही सांगू शकाल?"

सगळ्या काठाचे डोळे भांडारपालांवर. एक आकडा बोलायचा होता फक्त. कुणी तपासू शकलं नसतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही सांगता येत. नदीचंच पाणी ते सगळं."

 गोलटोपीनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "पिशवी भांडारातून निघालेली आहे?"

"माझ्या भांडारातून. मागणीपत्रावर."

"म्हणजे भांडाराचा माल. मालाला छीज लागते. ओला माल वाटेत कमी भरायचाच, म्हणून तर छीज मान्य करायची पद्धत आहे. तुमच्याकडे ओल्या मालाला किती?"

भांडारपालांनी बोटांवर हिशेब केला. "शेकडा तीन. नऊ किलोंना दोनशे सत्तर ग्रॅम." आणि ते हळूच म्हणाले, "तीस ग्रॅमनं हरतो आम्ही."

"तुमच्या नियमानं हरता. पण तोलणारा मी आहे. आमच्याकडे शेकडा पाच. साडेचारशे ग्रॅमपर्यंत मान्य. या वजनपत्रावर सही करा."

काठावर एकच जल्लोष उठणार, तेवढ्यात भांडारपालांच्या तोंडून निघून गेलं, "पाच? एवढी ढिलाई?"

शिट्टीनं त्यांच्या पायावर पाय दिला. सेहेचाळीस किलोंचा पाय, पण नेमका.

"उन्हाळ्यापुरते पाच की बारमाही?" भांडारपालांना राहवेना.

"बारमाही."

"अहो, मग बुरशीवर लक्ष कोण ठेवतं?"

"बाबा!" प्रशिक्षक, आठ पोरं आणि पिंपसुद्धा एका सुरात ओरडले. शिट्टी मात्र ओरडली नाही. ती त्या घरच्याच, दोनदा विचारावा लागणाऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला पटत नसेल तर नका सही करू. मी खरंच सांगते."

भांडारपालांनी तिच्याकडे पाहिलं. मग गोलटोपीकडे हात पुढे केला. "छापील नियम आहे?"

गोलटोपीनं आतल्या खिशातून पुस्तिका काढली. तीस वर्षांपूर्वीची, प्रत्येक पानावर गोल शिक्का. भांडारपालांनी ते पान दोनदा वाचलं, उजेडात धरलं, शिक्का बोटानं घासून पाहिला. वरच्यांचा कप्तान, ताडासारखा उंच पोरगा, काठावरून म्हणाला, "काका, घ्या हो. पाण्यावर हरलोय आम्ही, काट्यावर कशाला जिंकू?"

भांडारपालांनी सही केली. सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं: "नियम ढिला आहे, परंतु नियम आहे." गोलटोपीनं वाचून मान डोलावली. तो शेरा त्याला आवडला असावा, कारण त्यानं त्यावर शिक्का मारला.

मग शर्यतीची शेवटची रीत सुरू झाली. जिंकलेल्या नावेतल्या नवव्याला बाकीचे आठ उचलून नदीत फेकतात. हे भांडारपालांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की आठ दांडग्यांनी त्यांची एकुलती एक लेक हातापायांना धरून उचलली, एक, दोन, तीन म्हणून झुलवली आणि पाण्यात भिरकावली. ते धावले. पायरीपर्यंत पोचले तोवर शिट्टी खिदळत वर आली होती.

"बाबा, या ना! मस्त गार आहे!"

आठही पोरं भांडारपालांकडे वळली. त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते कळायला छापील नियम लागत नव्हता. भांडारपाल एक पाऊल मागे सरले, आणखी एक सरले, आणि मग थांबले. त्यांनी चष्मा काढला. खिशातलं पेन काढलं, पाकीट काढलं, घड्याळ सोडलं, आणि सगळं गोलटोपीच्या ओंजळीत ठेवलं.

"पोच द्या," ते म्हणाले.

गोलटोपी टेबलाशी बसून लिहू लागला. मागे एक, दोन, तीन झालं, मोठा आवाज झाला आणि काठावरच्या दोन्ही विद्यापीठांनी टाळ्या वाजवल्या. गोलटोपीनं मान वर केली नाही. त्याच्या नेटक्या अक्षरात कागदावर उतरत होतं: चष्मा एक, पेन एक, पाकीट एक, घड्याळ एक. मिळाले त्या स्थितीत. कोरडे.